सोंडकिड्याचे बारसे

वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, राजकारण असे भारदस्त विषय असताना आम्ही तांदळातील किड्यावर बोलण्यास उभे राहिलो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु विषयाला ऋतूचा आधार आहे. चैत्र-वैशाख हे वर्षाचे धान्य भरण्याचे दिवस. ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, गच्चीवर आणि गॅलरीत चादरी अंथरून धान्याला ऊन दिले जाते. गेल्या वर्षीच्या डब्याच्या तळाशी उरलेला तांदूळ सुपात घेतला की त्यातून काळपट, तिळाएवढे किडे चालू लागतात. कोणी त्यांना टोके म्हणते, कोणी सोंडे, कोणी पोरकिडे. गृहिणी त्यांना नावे ठेवते. शास्त्रज्ञ त्यांना नाव ठेवतो. आपल्या भाषेने ह्या दोन क्रियांत एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिली क्रिया सर्वांच्या अंगवळणी आहे. आज दुसरीविषयी बोलावयाचे आहे. किड्याला नाव कसे ठेवतात, आणि ते चुकले तर काय होते, एवढाच आमचा विषय.

किडा आणि त्याची सोंड

सुपातला हा किडा साध्या भिंगाखाली धरून पाहावा. त्याचे डोके पुढे निमुळते होत सोंडेसारखे लांबलेले दिसते. म्हणून तो सोंडकिडा. मात्र हत्तीची सोंड हे त्याचे नाक असते, तर ह्याच्या सोंडेच्या टोकाशी असते तोंड. डासाच्या सुईसारखी ती रस शोषणारी नळी नव्हे. तिच्या टोकाला इवलेसे जबडे असतात आणि ते कुरतडतात. सोंडेच्या दोन्ही बाजूंनी कोपरात वाकलेल्या हातांसारख्या दोन मिशा निघतात.

ह्या सोंडेचा खरा उपयोग मादी करते. ती तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाचे बूच बसवते. अळी दाण्यातच जन्मते, दाण्यातच वाढते, दाण्यातच कोषात जाते, आणि बाहेर पडतो तो पुरता वाढलेला किडा. निवडून भरलेल्या निर्मळ तांदळात महिन्या-दीड महिन्याने किडे दिसू लागतात व 'हे आले कोठून?' असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हे. ते बाहेरून आलेले नसतात. आपणच त्यांना दाण्यात घालून घरी आणलेले असते.

सोंडकिड्यांचे कुळ अफाट आहे. आजवर जगातील सुमारे ६०,००० जातींना नावे मिळाली आहेत. जवळपास प्रत्येक झाडाच्या पाठीस कोणी ना कोणी सोंडकिडा आहे. नारळाचा शेंडा पोखरणारा तांबडा सोंड्या भुंगा ह्याच कुळातला, आणि आंब्याच्या कोयीत सापडणारा कोयकिडाही ह्याच कुळातला. कोयकिड्याचे तर नाव कायद्याच्या कागदांत चढलेले आहे. फॅब्रिशियस ह्या शास्त्रज्ञाने १७७५ साली त्याचे वर्णन केले. त्याची मादी कोवळ्या कैरीवर अंडे घालते, अळी आत शिरून कोय गाठते, आणि कैरी वाढता वाढता ती जखम भरून येते. फळ बाहेरून निष्कलंक दिसते, गरही बहुधा शाबूत असतो. तरीही हा पाहुणा आपल्या बागांत नको म्हणून अमेरिकेने आपला आंबा वर्षानुवर्षे दाराशी अडवला. २००७ साली ते दार उघडले, ते आंब्यावर किरणांची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात ती प्रक्रिया होऊन हापूस त्या देशी गेला. कोयकिड्याचा एक भाऊबंद ईशान्य भारतात आहे. तो कोय सोडून गरच खातो. नाव निराळे, खोड निराळी, म्हणून बंदोबस्तही निराळा. नावाचे महत्त्व येथून लक्षात येऊ लागते.

एका डब्यात दोन जाती

आता पुन्हा तांदळाच्या डब्याकडे वळू. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने १७६३ साली तांदळातील सोंडकिड्याला नाव दिले, त्यात 'ओरायझी' हा शब्द आहे. ओरायझा म्हणजे भात, आणि ओरायझी म्हणजे भाताचा. पुढे १८५५ साली मोत्शुल्स्की ह्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने मक्यातील किड्याला 'झीमेज' असे वेगळे नाव दिले. परंतु दोघांचे रूप इतके सारखे की पुढची शंभर वर्षे ही एकच जात की दोन, ह्याचा घोळ चालला. कोणी म्हणे ह्या एकाच जातीच्या लहान आणि मोठ्या अशा दोन पैदाशी आहेत. अखेर १९६० च्या सुमारास उलगडा झाला. दोन्ही एकत्र ठेवले तरी त्यांची एकमेकांपासून प्रजा वाढत नाही, असे दिसून आले. आणि नराचे जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एकाचा पृष्ठभाग गुळगुळीत, तर दुसऱ्याच्या पृष्ठभागावर दोन लांबट खोबणी, असा भरवशाचा भेदही सापडला.

कोणी विचारील, इतक्या सूक्ष्म भेदाचे आम्ही काय करावे? भेद अंगावर सूक्ष्म असला तरी वागण्यात मोठा आहे. मक्याचा किडा उडण्यात तरबेज असतो. तो कोठारातून निघून शेतातील उभ्या कणसांवर जाऊन बसतो. म्हणजे एकाचा बंदोबस्त कोठारात होईल, तर दुसऱ्यासाठी शेतापासूनच जागे राहावे लागेल.

आमच्या श्रोत्यांत बँकांतून व कचेऱ्यांतून काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे खातेवहीच्या भाषेत चटकन समजेल. जातीचे नाव म्हणजे त्या जातीचे खाते. ती काय खाते, कोठे राहते, कशाने मरते, हे जगात कोठेही कोणाला कळले तर ते त्या खात्यावर जमा होते. दोन जातींना एकच नाव पडले की एकीची जमा दुसरीच्या खात्यावर चढते. एकाच जातीला दोन नावे पडली की जमा दोन पानांवर विखुरते. आणि नावच नसले तर जमा करावयास खातेच नाही.

बारशाचा विधी

एखादा किडा नवा आहे असे नुसते वाटून चालत नाही, त्याचा रीतसर विधी आहे. पहिली पायरी गोळा करण्याची. रानातील पालापाचोळा चाळणीने चाळतात; झाडाच्या फांदीखाली उलटी छत्री किंवा पांढरे कापड धरून फांदीवर काठी मारतात, की किडे खाली पडतात. प्रत्येक नमुन्याला कागदाची चिठ्ठी लावतात. तिच्यावर स्थळ, तारीख आणि गोळा करणाराचे नाव असते. चिठ्ठी नसलेला किडा कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीने अनाथ होय.

दुसरी पायरी ताडून पाहण्याची, आणि सर्वांत जास्त वेळ हीच खाते. त्या गोतावळ्यातील आजवर लिहिलेली वर्णने वाचावी लागतात. ती लॅटिन, जर्मन, फ्रेंच अशा भाषांत आणि दोनदोनशे वर्षे जुनी असू शकतात. आपल्या देशातील सोंडकिड्यांवरचा मार्शल ह्यांचा मोठा ग्रंथ १९१६ सालचा आहे. वर्णनाने शंका फिटली नाही तर मूळ नमुना पाहावा लागतो. ज्या एका नमुन्यावरून जातीला नाव दिले त्याला होलोटाइप म्हणतात. आपण त्याला आद्य नमुना म्हणू. पुढे कधी वाद झाला तर निवाडा ह्या आद्य नमुन्यावरून होतो. आपल्याकडच्या जुन्या जातींचे बरेच आद्य नमुने लंडनसारख्या परदेशी संग्रहालयांत आहेत, कारण गोळा करणारे त्या काळी ते तिकडे पाठवीत.

त्यानंतर चिरफाड, रेखाचित्रे, मोजमापे, आणि आता त्यांच्या जोडीला जनुकांची तपासणी. एवढे होऊनही किडा कोणत्याच जुन्या वर्णनात बसला नाही, म्हणजे तो नवा. मग त्याचे वर्णन लिहावयाचे, सख्ख्या भावंडांहून तो कोणत्या खुणांनी वेगळा ते स्पष्ट सांगावयाचे, आद्य नमुना संग्रहालयात सुरक्षित ठेवावयाचा आणि हे सारे छापून प्रसिद्ध करावयाचे. प्रसिद्धीवाचून नाव सिद्ध होत नाही. एकाच जातीला दोघांनी नावे दिली तर जे आधी प्रसिद्ध झाले ते टिकते. ही मोजणी लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात.

बेटांवरची गर्दी

हा विधी एका किड्यासाठी पार पाडण्यात महिने जातात. मग शेकडो निनावी किडे एकदम समोर आले तर काय करावे? हा प्रसंग खरोखरच ओढवला, तो न्यू गिनी, जावा, बाली, सुलावेसी ह्या बेटांवर. तेथील रानांत ट्रायगोनॉप्टेरस नावाचे काही मिलिमीटर लांबीचे सोंडकिडे राहतात. त्यांना उडता येत नाही. धक्का लागला की पाय आवळून ते मेल्याचे सोंग घेतात. ह्या गोतातील एका किड्याच्या पायाचा सांधा चक्क नट आणि स्क्रूसारखा फिरतो, असे २०११ साली दिसून आले. माणसाने स्क्रू घडवण्याच्या कितीतरी आधीपासून हा कारागीर तो पायात वागवीत होता.

उडता येत नाही म्हणून ह्या किड्यांचे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणे होत नाही. बेट वेगळे, डोंगर वेगळा, की हजारो वर्षांच्या ताटातुटीने जातही वेगळी. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली न्यू गिनीमधील १०१ नव्या जातींचे वर्णन एकाच लेखात केले. २०१४ साली जावा, बाली आणि शेजारच्या बेटांवरील ९८ जाती आल्या. २०१९ साली सुलावेसीवरील १०३ जातींचे बारसे झाले. तोवर त्या बेटावरून ह्या गोतातील एकच जात ठाऊक होती, आणि तीही १८८५ पासून. वर्णने त्यांनी आटोपशीर ठेवली, पण प्रत्येक जातीचे उत्तम छायाचित्र आणि जनुकीय खूण सोबत जोडली. अर्थात शंभर नावे सुचणार कोठून? तेव्हा न्यू गिनीतील किड्यांसाठी त्यांनी तेथील टेलिफोनची डिरेक्टरी उघडली आणि त्यातील आडनावे घेतली. पुढे डार्विनपासून चित्रकथांतील ॲस्टेरिक्सपर्यंत अनेकांची नावे किड्यांना मिळाली. ह्यात थट्टा दिसली तरी हेतू गंभीर आहे. तेथील जंगल तुटते आहे. एका डोंगरापुरती राहणारी जात त्या डोंगराबरोबर जाईल, आणि नाव नसेल तर ती गेल्याची नोंदही कोठे होणार नाही.

नाव चुकले, वाट चुकली

नोंदीपलीकडे, रोजच्या संसारात नावाने काय फरक पडतो, ह्याचे एक उदाहरण देऊन आम्ही आपल्या नदीवर येऊ.

साल्विनिया नावाचे पाण्यावर तरंगणारे एक नेचे आहे. मूळचे ते ब्राझीलचे. तळ्याची शोभा म्हणून देशोदेशी नेले आणि सुटले. त्याला बी धरत नाही, पण तुकडा मोडला की त्याचे नवे रोप होते, आणि काही दिवसांतच ते दुप्पट होते. श्रीलंकेत ते १९३९ साली पोचले. केरळात त्याने कुट्टनाडचे कालवे आणि भातखाचरे झाकून टाकली. न्यू गिनीतील सेपिक नदीकाठी तर होड्या चालेनाशा झाल्या आणि लोकांनी गावे सोडली.

त्याचा शत्रू शोधण्याचे प्रयत्न १९६० नंतर सुरू झाले. परंतु हे नेचे म्हणजे साल्विनिया ऑरिक्युलाटा ही जुनीच जात, असे सर्वांनी धरले होते. म्हणून त्या जातीच्या प्रदेशात, त्रिनिदाद आणि गियाना भागांत, कीटक शोधले गेले. तेथून आणून सोडलेल्या कीटकांत एक सोंडकिडाही होता. पण त्यांचा प्रभाव पडला नाही. १९७२ साली मिचेल ह्यांनी दाखवून दिले की हे नेचे वेगळेच आहे, आणि त्याला साल्विनिया मोलेस्टा असे नाव दिले. नाव सुधारले तेव्हा शोधाची दिशा सुधारली. १९७८ साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना आग्नेय ब्राझीलमध्ये त्याचे माहेर सापडले, आणि त्यावर खाणारा सोंडकिडाही तेथे मिळाला. तो आधीचाच सोंडकिडा असावा, असा प्रथम समज होता. १९८० साली तो ऑस्ट्रेलियातील मूंडारा तलावात सोडला आणि सुमारे वर्षभरात तलाव मोकळा झाला. एवढा फरक का, म्हणून बारकाईने पाहिले तेव्हा किडाही नवीनच निघाला. १९८५ साली काल्डर आणि सँड्स ह्यांनी त्याचे वर्णन करून सायर्टोबॅगस साल्विनिये असे नाव ठेवले. ह्याच्या अळ्या खोड पोखरतात आणि मोठे किडे कोवळे अंकुर खातात. त्यामुळे वनस्पतीला पुन्हा डोके वर काढता येत नाही. सेपिक नदी त्यानेच मोकळी केली. आपल्याकडे १९८३-८४ साली बंगळूरच्या एका तळ्यात तो प्रथम सोडला, आणि पुढे केरळातील पाणथळांत त्याने हेच काम केले.

वनस्पतीचे नाव चुकल्याने दहा-बारा वर्षे माणसे चुकीच्या प्रदेशात हिंडली, आणि तेवढी वर्षे कोळ्यांच्या होड्या व शेतकऱ्यांची खाचरे अडकून राहिली. किडा सोडण्यापूर्वी तो दुसरे कोणतेही पीक खात नाही ना, हे कसोटीने पाहावे लागते. तेथे नावाची गफलत झाली तर उपायच अपाय ठरावयाचा.

आपली उल्हास नदी

आता घराकडे. उल्हास नदीचे पाणी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली पितात. शहाड-टेमघर योजनेतून ते ठाण्या-भिवंडीलाही येते. उन्हाळ्यात मोहने-रायते भागात ही नदी जलपर्णीने हिरवीगार होते. पुलावरून जाणाऱ्याला ते कुरण वाटावे. ही जलपर्णीही दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या देशात आली.

तिच्यावरही सोंडकिडे आहेत, दोन जातींचे. त्यांतील नेओचेटिना ब्रुकी ह्या जातीला १९२६ साली नाव मिळाले. दुसरी, नेओचेटिना आयकॉर्निये, हिचे वर्णन वॉर्नर ह्या अमेरिकन विदुषीने १९७० साली केले. दोघींत ठळक खूण पाठीवरील दोन काळ्या रेघांची. एकीत त्या लांब आणि पुढच्या बाजूस, दुसरीत आखूड आणि मागे सरकलेल्या. किडे पानावर लहान चौकोनी चट्टे पाडतात आणि अळ्या देठातून बुंध्यापर्यंत भुयार काढतात. १९८० नंतरच्या दशकात दोन्ही जाती भारतात आणल्या गेल्या, आणि बंगळूरच्या कित्येक तळ्यांत त्यांनी जलपर्णी नमवली.

मग किडे सोडा आणि मोकळे व्हा, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. किड्याला पिढ्या वाढवण्यास वेळ आणि स्थिर पाणी लागते. पुराबरोबर जलपर्णी वाहून गेली की तिच्या देठातील अळ्याही वाहून जातात. यंत्राने उपसली की त्याही उपसल्या जातात. आणि सांडपाण्याचे खत अखंड मिळत असेल तर किडा खाईल त्याहून वेगाने ती वाढते. जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, आणि सांडपाणी आपले आहे. त्याची व्यवस्था कोणत्याही सोंडकिड्याकडे सोपवता येणार नाही. तो मदतनीस होऊ शकतो, तोही आपण त्याला नीट ओळखून त्याच्या सोयीने वागलो तरच.

आपल्या दाराशी

नव्या जाती दूरच्या बेटांवरच असतात, असेही कोणी समजू नये. ठाणे शहर तरी कोठे वसले आहे? साष्टीच्या बेटावरच! २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. कोळी हा आठ पायांचा, म्हणजे कीटकांच्या गोतातला नव्हे. पण बारशाचा विधी तोच. त्याचे नाव ठेवले आयसियस तुकारामी. ओरायझी म्हणजे भाताचा, तसा तुकारामी म्हणजे तुकारामाचा. हे तुकाराम म्हणजे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हाती केवळ काठी असताना त्यांनी हल्लेखोराची बंदूक छातीशी कवटाळून धरली आणि प्राण दिले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आता जगात कोठेही कोणी ह्या कोळ्याविषयी एक ओळ लिहील तर त्यात हे नाव येईल.

तेव्हा येऊरच्या रानातील पालापाचोळ्यात, खाडीकाठच्या तिवरांत, मुरबाड-शहापूरच्या भातशेतीत अजून निनावी प्राणी असणार ह्यात नवल नाही. त्यांना शोधण्यास प्रत्येकाने शास्त्रज्ञ झाले पाहिजे असे नाही. एखादा अनोळखी किडा दिसला तर त्याचा फोटो घ्यावा, स्थळ आणि तारीख लिहून ठेवावी, कोणत्या झाडावर होता ते पाहावे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून अशा नोंदी आणि नमुने सांभाळीत आली आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ह्या सरकारी संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आहे. चिठ्ठीसह नोंद असली की जाणत्याला पुढे जाण्यास वाट मिळते.

लहान मूल किडा पाहून प्रथम विचारते, 'ह्याचे नाव काय?' आपण बहुधा 'शी, टाक तो' म्हणून त्याला गप्प करतो. ह्या वैशाखात सूप हाती घ्याल तेव्हा तांदूळ जरूर पाखडा, उन्हात घाला, डबा कोरडा करा. पण टाकण्यापूर्वी एक किडा भिंगाखाली धरून मुलांना त्याची सोंड दाखवा, आणि त्याचे नाव सांगा.